पुसून मगच

माझी मामी कधी कुणाला काही विचारत नसे. ती पुसत असे. "आईला पुसून मग ये." "डॉक्टरांना पुसलंस का, अंघोळ चालेल का ते?" "कुणी पुसलं तर सांग, मामी झोपली आहे." तिच्या आजीकडून आलेला शब्द, तो तिने आयुष्यभर वापरला. आमच्या तोंडी तो आता विचारपूस करण्यापुरता, नाहीतर 'आपल्याला कोण पुसतंय' असं चिडून म्हणण्यापुरता राहिलाय. एरवी आम्ही पुसतो ती फरशी, फळा आणि नाक.

शब्दापासून सुरुवात करतेय, कारण पुढे जे झालं ते या शब्दावरूनच झालं. मामा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचा आवाज एका म्हाताऱ्या लॅपटॉपात शिल्लक होता. कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं म्हणून नातेवाइकांत मिरवणाऱ्या त्याच्या भाचीने, म्हणजे मी, तो एका शनिवारी दुपारी बिस्किटं खाता खाता पुसून टाकला. लिहिल्याने तो परत येणार नाही हे मला कळतं. पण मामीबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि तिच्याबद्दल लिहायचं आणि हे वगळायचं ही लबाडी झाली.

मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. परगावी फोन लावायला मधे माणूस लागायचा, तेव्हाची गोष्ट. लांबट खोलीत अकरा बायका ओळीने उंच स्टुलांवर बसलेल्या, डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरींची टोकं. बाहेरून फोन आला की इकडच्या माणसाला आधी विचारायचं, अमक्यांचा फोन आहे, घेता का? तो हो म्हणाला तरच वायर त्याच्या भोकात खुपसायची. नियम सगळ्यांनाच होता, पण गर्दीच्या वेळी बाकीच्या तो गुंडाळून ठेवत. मामी नाही. साहेबाचा फोन असो नाहीतर साहेबाच्या साहेबाचा, ती पुसल्याशिवाय जोडायची नाही. खात्यात तिचं नावच पडलं होतं 'पुसाबाई'.

तिथे एकदा एक नवीन ऑपरेटर रुजू झाली. मामीने तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "हे बघा, काही झालं तरी पुसल्याशिवाय जोडायचं नाही." बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी घरून ओलं फडकं घेऊन आल्या. प्रत्येक फोनच्या आधी बोर्डावरून हात फिरवायच्या, मग वायर लावायच्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आत पाणी जाऊन सहा लाइनी बंद पडल्या. त्या दुरुस्त करायला जो लाइनमन आला तो माझा मामा. म्हणजे आमच्या मामीचं लग्न मुळात त्या फडक्यामुळे जमलं.

मामा पुढे खांबावर चढला की लाइन तपासायला एक्स्चेंजला फोन करी. "हॅलो, लाइनमन बोलतोय, ऐकू येतंय का?" येतंय म्हटल्यावर काम संपायला हवं. पण त्याचं सारखं चालूच. आता येतंय का? आणि आता? मामी म्हणायची, "तुमच्या लाइनीला काही झालेलं नाही, तुमच्या कानांना झालंय." सहा महिन्यांत त्यांनी घरच्यांना सांगून टाकलं.

फडक्याची गोष्ट आमच्याकडे चार माणसं जमली की कुणीतरी काढायचंच. मामा फडकं फिरवण्याची नक्कल करायचा आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसायचे. इतकं कसं कुणी बावळट असतं, असं म्हणायचे. माझं हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लिहून ठेवते.

मामाला घशाचं दुखणं झालं तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. आवाजाची पेटीच काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बारा दिवसांनंतरची तारीख दिली. त्या बारा दिवसांत नवरा-बायकोने काय केलं ते मला फार उशिरा कळलं. मी नवीन लॅपटॉप घेतल्यावर माझा जुना त्यांना दिला होता. झाकणाची बिजागरी मोडली होती, ती मामाने खांबावरच्या वायरींना लावायच्या काळ्या चिकटपट्टीने बांधून टाकली होती. तो लॅपटॉप ओट्याजवळच्या टेबलावर ठेवून मामा रोज सकाळी बोलायला बसायचा. रोजची वाक्यं. उठलीस का? चहा टाक. दार लाव, वारं येतंय. चष्मा कुठे ठेवलास? कोण आलंय? जेवलीस का नीट? कोणती वाक्यं लागतील ते मामी ठरवायची आणि मामा ती भरायचा. अशी एक्केचाळीस झाली. त्यांना त्याने नुसते नंबर दिले आणि पडद्यावर ओळीने मांडून ठेवले, जसा मामीचा बोर्ड होता तसे. नावं लिहायची गरज नव्हती. नंबर पाठ असणं हे तिचं कामच होतं.

ऑपरेशननंतरची दोन वर्षं मामा त्या लॅपटॉपातून बोलला. सकाळी उठला की एक नंबर दाबायचा आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, उठलीस का?

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. चाळीस मशिनं, दोनशे मुलं, दर महिन्याला नवीन डोकेदुखी. त्या दोन वर्षांत मी मामाला तीनदा भेटले, तिन्ही वेळा दवाखान्यात, आणि तिथे तो पाटीवर लिहून बोलायचा. फोन करावा तर तो बोलू शकत नव्हता, म्हणून मी फोन केला नाही. हे कारण तेव्हा मला अगदी रास्त वाटायचं. आता ते लिहिताना लाज वाटते.

मामा गेल्यावर मामी लॅपटॉप रोज सकाळी लावत राहिली. तेही मला माहीत नव्हतं. एक दिवस तिचा फोन आला. "घाईबाई, तुझं ते यंत्र फार दमलंय. सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतं. परवा तर मधेच बंद पडलं. त्याचं काही करता येईल का?"

घाईबाई हे माझं लहानपणचं नाव, मामाने ठेवलेलं.

"नवीन घेऊन देते," मी म्हटलं.

"नको, हाच हवा. हाच हलका कर."

पुढच्या रविवारी सकाळी मी तीन पेनड्राइव्ह घेऊन गेले. चौदा वर्षांचं मशीन, मेमरी जेमतेम दोन जीबी, आणि त्यावर कंपनीची अवजड सिस्टिम. पायऱ्या चढताना माणसाला धाप लागावी तसा त्याचा पंखा वाजत होता. अशा मशिनासाठी फुकट मिळणाऱ्या हलक्या सिस्टिमी असतात, लॅबमध्ये मी डझनभर जुनी मशिनं त्यांच्यावर जगवली आहेत. शिवाय त्या आधी नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतात, आतल्या कशाला धक्का लागत नाही. मी मामीला म्हटलं, "तीन आणल्यात. बस इथे, तूच पसंत कर."

मामी चष्मा लावून, पदर खोचून बसली. पहिली झटकन सुरू झाली, पण अक्षरं मुंगीएवढी आणि जोडाक्षरं सगळी फुटलेली. 'ज्ञ' कुठे, त्याचा पाय कुठे. मामी म्हणाली, "ही नको. हिचे दात माझ्यासारखेच पडलेत." दुसरी देखणी होती, खिडक्या सरकत यायच्या, सावल्या पडायच्या. पाच मिनिटांत पंखा बोंबलायला लागला आणि मशीन हाताला चटका देईल इतकं तापलं. तिसरी दिसायला अगदी साधी. करडा पडदा, खाली एक पट्टी, अक्षरं ठसठशीत. मेमरी निम्मीसुद्धा खात नव्हती. मी खूश झाले.

"मामी, तू काय काय करतेस यावर?"

"काही नाही गं. थोडं ऐकते."

गाणी ऐकत असेल, असं मी धरून चालले. म्हणून तिसरीवर आवाज तपासला. आधी येत नव्हता, मग तो बसवायला मी पाऊण तास घालवला आणि एक बासरीची धून लावून दाखवली. स्वच्छ ऐकू आली. मामीने मान हलवली. मग करड्या पडद्याकडे बघत म्हणाली, "पण यात माझे नंबर दिसत नाहीत."

मशीन सुरू झालं तेव्हा ते एक ते एक्केचाळीस मी पाहिले होते. कसले नंबर, हे माझ्या तोंडातून आलं नाही. "येतील गं. ते मी आणून ठेवीन," एवढंच म्हटलं. तो प्रश्न विचारायला मला दोन सेकंद लागले असते.

शनिवारी माझा अर्धा दिवस असतो, तेव्हा बसवून टाकते म्हटलं. मामी म्हणाली, "शनिवारी मी दातांच्या डॉक्टरकडे. नवीन कवळी बसवणार आहेत."

"मग किल्ली शेजारी ठेव. तुझं काय काम आहे?"

"ठेवते. पण तू आधी मला—" ती काहीतरी सांगत होती आणि मी चपला घालत होते. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती.

शनिवारी घरात मी एकटी. टेबलावर लॅपटॉप, शेजारी बिस्किटांचा डबा, झाकणावर चिठ्ठी. मामीचं, ऑपरेटरचं गोल, सुटं अक्षर. 'सगळं पुसून मगच नवीन घालणे. डब्यात बिस्किटं आहेत.'

मला हसू आलं. म्हातारी शिकली की, असं वाटलं. जुनं पुसल्याशिवाय नवीन नीट बसत नाही हे माझ्या लॅबमधल्या अर्ध्या मुलांना कळत नाही आणि हिला बरोबर कळलं. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला होता, आणि आज तोच क्षण सगळ्यांत जास्त टोचतो.

मी अगदीच निष्काळजी नव्हते, हे स्वतःला सांगून बघते. पडद्यावरचे एक्केचाळीस नंबर मी आधी पेनड्राइव्हवर उतरवले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उतरले. तिथेच मला शंका यायला हवी होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण होता. बाण असला की ती वस्तू नसते, वस्तू कुठे ठेवली आहे त्याची नुसती खूण असते. यावर मी परीक्षेत दरवर्षी प्रश्न घालते. मामाचा आवाज होता मशिनाच्या दुसऱ्या कप्प्यात. त्या कप्प्याला 'जुनं' हे नाव मीच दिलं होतं आणि माझ्या कॉलेजच्या वेळचा कचरा त्यात कोंबला होता. पहिला कप्पा भरलेला, म्हणून मामाने जागा बघून तिथे ठेवलं. माझाच कचरा, त्यात काय बघायचं, असं म्हणून मी तो उघडलाही नाही.

नवीन सिस्टिम बसवताना यंत्र विचारतं, सगळी डिस्क पुसायची का? मी हो म्हटलं. मग ते पुन्हा विचारतं, नक्की ना, हे परत मिळणार नाही. मी दुसरं बिस्किट घेतलं आणि पुन्हा हो म्हटलं. त्या यंत्राने मला दोनदा पुसलं. मी मामीला एकदाही नाही, आणि फोन माझ्या हाताशी होता.

चार वाजता मामी आली. नवीन कवळीने गाल भरल्यासारखे दिसत होते आणि बोलताना शीळ वाजत होती. "बघ तर," मी म्हटलं आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. चौतीस सेकंदांत करडा पडदा, त्यावर एक ते एक्केचाळीस, होते तसे ओळीत. मामीचा चेहरा उजळला. "अगं बाई, चहा टाकायलासुद्धा वेळ नाही की," ती म्हणाली. पर्स खांद्याला तशीच ठेवून बसली आणि तिने एक नंबर दाबला.

फाइल सापडत नाही, असा चौकोन आला. तिने तो बंद करून दोन दाबला. मग सात. मग ती ओळीने दाबत गेली, घाई न करता, प्रत्येकाला थोडा वेळ देत. पलीकडचा माणूस फोन उचलायला उशीर करतो, तेव्हा थांबतात तशी. चाळिसाव्यापर्यंत गेली.

"घाईबाई," ती म्हणाली, "ह्यांचा आवाज कुठे गेला?"

"कुणाचा?"

मग तिने सांगितलं. ते बारा दिवस, टेबल, एक्केचाळीस वाक्यं, दोन वर्षं. मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी चिठ्ठी उचलून तिच्यासमोर धरली. लहान मुलासारखी, माझी चूक नाही हे दाखवायला. "मामी, तूच लिहिलंयस की, सगळं पुसून—"

तो शब्द माझ्याच तोंडून मला ऐकू आला. मामीने चिठ्ठी हातात घेतली, वाचली, चारदा घडी घातली. मग कितीतरी वेळ ती घडीवरून नख फिरवत राहिली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी 'विचारून' लिहायला हवं होतं."

तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिचे पाय धरायला वाकले, तर ती म्हणाली, "ऊठ, फरशी ओली आहे." ती ओली नव्हती. मी जरा शांत झाल्यावर विचारलं, "मामी, सगळे नंबर दाबलेस. शेवटचा का नाही दाबलास?"

"तो तुझा आहे," ती म्हणाली. "तू भेटायला आलीस की लावायचा म्हणून भरून ठेवला होता ह्यांनी. 'आलीस का घाईबाई? बस जरा, कुठे आग लागलीय?' एवढंच होतं. तू आल्यावर लावू, तू आल्यावर लावू, असं राहून गेलं. मागच्या रविवारी लावणार होते, पण तुझी रिक्षा उभी होती."

मी डिस्क काढून लॅबमध्ये नेली. पुसलेलं परत मिळवण्याच्या युक्त्या असतात, त्या सगळ्या केल्या. मला येतं ते संपल्यावर ओळखीच्या एका माणसाकडे गेले, तो हेच काम करतो. त्याने तीन आठवडे खटपट केली. नवीन सिस्टिम नेमकी त्या कप्प्यावर जाऊन बसली होती. माझ्या कॉलेजच्या नोट्स मात्र ढिगाने परत आल्या, एकही पान न फाटता. मामाचा एकच तुकडा मिळाला, चार सेकंदांचा. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मग मामा खाकरतो, आणि बोलायला तोंड उघडणार तोच खरखर सुरू होते. कुठल्या नंबरचा तुकडा, तेही सांगता येत नाही.

तो तिला द्यावा की नाही यावर मी चार दिवस घालवले. शेवटी दिला. मामीने एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला. "हेच," ती म्हणाली. "बोलायच्या आधी असंच खाकरायचे. खांबावरसुद्धा." करड्या पडद्यावर आता ती एकच खूण आहे. तिला नंबर दिलेला नाही. सकाळी मामी ती लावते आणि मग चहा टाकते. पूर्वी लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, ती अकरा मिनिटं तिला आता रिकामी मिळतात, असं ती एकदा म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे.

मी आता दर रविवारी जाते. रिक्षा थांबवून ठेवत नाही. आम्ही बोलतो, एक्स्चेंजचं निघतं, खांबावरचे फोन निघतात. फडक्याची गोष्ट मात्र कुणी काढत नाही. मागे एका लग्नात कुणीतरी काढायला गेलं, तर मामीनेच विषय बदलला. त्या बावळट बाईंचं नाव मी मामीला विचारलं, तिला आठवत नाही. त्यांच्यामुळे सहा लाइनी गेल्या, पण त्या दुसऱ्या दिवशी चालू झाल्या.

आणखी एक गोष्ट माझ्या बऱ्याच महिन्यांनी लक्षात आली. मामी आता पुसत नाही. डॉक्टरांना विचारते, शेजारी विचारते, भाजीवाल्याला विचारते. आधी वाटलं कवळीमुळे असेल, 'पु' म्हणताना शीळ वाजत असेल. पण 'पुरे' म्हणते, 'पुन्हा' म्हणते. तेवढा एक शब्द तिने टाकला आहे.

परवा तिचा फोन आला. "घाईबाई, एक विचारायचं होतं."

"मामी," मी म्हटलं, "पुस ना. तू पुसलंस तरच सांगेन."

ती थोडी हसली.

"नको बाई," ती म्हणाली. "उगाच घोटाळा होतो."

आणि तिने विचारलं, येत्या रविवारी मला वेळ आहे का.